टीव्ही कडा खातो

१० जानेवारी १९९९, रविवार

निवृत्त होऊन दहा दिवस झाले. बत्तीस वर्षं वीज मंडळाच्या तारा ओढल्या, त्याबद्दल निरोपाला शाल, नारळ आणि ही डायरी मिळाली. शाल जळगावात वर्षातून चार दिवस लागते, नारळाची चटणी झाली. उरली डायरी. ती फुकट जाऊ नये म्हणून लिहितोय.

काल तानुबाईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जमेल तितकी टिकवायची, असं म्हणाले. कडेकडेचं आधी दिसेनासं होतं, मधलं थोडं शेवटपर्यंत राहतं. मी विचारलं, शेवटपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? डॉक्टर म्हणाले, वर्ष, कदाचित कमी. आधी का नाही आणलंत, असंही म्हणाले. आधी कोणी सांगितलं होतं? सहा महिने ती दाराच्या चौकटीला धडकत होती आणि मी म्हणत होतो, जरा बघून चाल.

तिने घरी आल्यावर कपाटातून अल्बम काढला आणि एकेक फोटो नाकापुढे धरून इकडून तिकडे सरकवत बसली. मग अक्षय्य तृतीयेची आठवण काढून म्हणाली, "आखाजीले मंदाले बलावा. डोयामा उजेड शे तवपावत तिनं तोंड देखी लेसू."

मंदा माझी धाकटी मुलगी. सहा वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि तिथल्या आश्रमशाळेतल्या जामसिंग नावाच्या पावरा आदिवासी मास्तराशी लग्न करून मोकळी झाली. आम्हाला पत्रिका नाही, विचारणं नाही. आता दोघं धुळ्यात असतात. धुळं इथून एसटीने अडीच तास. माझ्या नकाशात ते गाव नाही.

मी म्हटलं, आखाजीला सासरची पोर माहेरी येते. माहेर असलं तर. विषय बंद केला.

१७ जानेवारी

विषय बंद केला तरी अल्बम बंद होत नाही. फोटो पोस्टकार्डाएवढे, बाईची नजर अशी. पाहून मला भडभडून आलं, खोटं कशाला लिहू. चौतीस वर्षांचा संसार आहे. कधी दागिना मागितला नाही, कधी माहेरी जाऊन बसली नाही.

आज कॉलेज रस्त्यावर सुकदेवच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेलो होतो. सुकदेव आमच्या मंडळातल्या एका लाईनमनचा मुलगा, तिशीचा, हुशार. त्याने कॉम्प्युटरवर एक लग्नाचा फोटो दाखवला. केवढा मोठा! नवऱ्याच्या मुंडावळीचा मणी न् मणी मोजून घ्या. आणि खाली त्याच डब्यातून सनई वाजत होती.

मी विचारलं, हे आमच्या घरच्या टीव्हीवर येईल का? एकवीस इंची आहे.

तो म्हणाला, "नाना, येईल की. कार्ड बसवावं लागेल आणि वायर ओढावी लागेल."

वायर ओढणं मला कोणी शिकवायला नको. ठरलं. अल्बममधले सगळे फोटो टीव्हीवर आणायचे, एकामागून एक आपोआप सरकत, खाली गाणी. आखाजीच्या दिवशी सगळ्या घरासमोर लावायचे. तानुबाईने एकदा पोटभर बघून घ्यावं. डॉक्टरांना जमलं नाही ते मी करून दाखवतो.

२६ जानेवारी

कॉम्प्युटर आला. सोबत स्कॅनर, म्हणजे फोटो पालथा घातला की आतून उजेड फिरतो आणि फोटो पडद्यावर. मागच्या खोलीत मांडलंय. थोरली, रावेरची विमल, फोनवर म्हणाली, "नाना, या वयात?" मी म्हटलं, या वयातच. नोकरीत असताना तुमच्या परीक्षा, तुमची लग्नं. तिच्या घरी केळीचे ट्रक भरायची घाई होती, लगेच ठेवला.

तानुबाईने कॉम्प्युटरवरून हात फिरवला आणि विचारलं, "हाई काय शे, लहान फ्रीज का?"

२ फेब्रुवारी

आज चित्र आलं!

सहजी नाही आलं. आमचा टीव्ही जुना, त्याला फक्त अँटिनाचं भोक. सुकदेव डोकं खाजवत बसला. मला सुचलं की व्हीसीआर मध्ये घालावा. कॉम्प्युटरची वायर व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरची टीव्हीत. मागच्या खोलीतून झरोक्यावाटे, माळ्याखालून, पुढच्या खोलीपर्यंत सोळा मीटर वायर, प्रत्येक फुटाला क्लिप. सुकदेव म्हणाला, "नाना, इतकी सरळ वायर मी बघितली नाही." बत्तीस वर्षं काय गवत उपटलं?

टीव्हीवर विमलच्या बारशाचा फोटो आला. थोडा थरथरत होता, पण आला. मी ओरडून तानुबाईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली आणि टीव्हीकडे न येता मागे सरकत सरकत थेट उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, अगं जवळ ये, तुझ्यासाठीच मोठं केलंय! तर म्हणे, इथूनच बरं दिसतं. माणसाने करावं तरी काय?

९ फेब्रुवारी

एक भानगड लक्षात आली. कॉम्प्युटरवर फोटो अख्खा दिसतो, टीव्हीवर चारी बाजूंनी बोटबोट कमी. सुकदेव म्हणतो, टीव्ही कडा खातो. सगळेच टीव्ही खातात, आपल्याला कळत नाही, कारण कडेला काय होतं ते आपल्याला माहीतच नसतं. उपाय म्हणजे फोटो थोडा लहान करून मध्ये ठेवायचा.

मी नाही ठेवला. कारण लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही. एकूण दोनशे चौदा फोटो आहेत. त्रेसष्टांत मंदा आहे. त्यांतल्या बावीस फोटोंत ती कडेला उभी आहे. लहानपणापासून तिला कडेलाच उभं राहायची सवय, विमल मध्ये आणि ही टोकाला. ते फोटो लहान करण्याऐवजी थोडे मोठे केले की ती आपोआप जाते. मला हात लावावा लागत नाही, टीव्हीच करतो.

उरले एकेचाळीस.

१५ फेब्रुवारी

पत्र आलं. धुळ्याचा शिक्का, अक्षर अनोळखी.

"ती. मोतीलालजी यांना सा. न. आईंच्या डोळ्यांबद्दल विमलताईंकडून कळले. मंदाला त्यांना भेटायचे आहे. आपण म्हणाल त्या दिवशी, म्हणाल तितकाच वेळ. मी येणार नाही, स्टँडवर थांबेन. आपला, जामसिंग."

अक्षर मात्र सुरेख. शुद्धलेखनाची चूक सापडेना, तीनदा तपासलं. मास्तर आहे शेवटी. पण "आई" कोणाला म्हणतो हा? कोणी दिला हक्क?

विमलला फोन करून झाडलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती रडली. मी म्हटलं, रडून डोळे खराब होतात, घरात एक उदाहरण आहे. हे नको होतं बोलायला. पण गेलं तोंडातून.

पत्र स्कॅनरच्या खोक्यात तळाशी ठेवलंय. तानुबाईला दाखवून उपयोग काय, तिला वाचता येत नाही आता.

२१ फेब्रुवारी

सुकदेवने एक हत्यार शिकवलं आहे. भिंतीचा तुकडा उचलायचा आणि माणसावर शिक्के मारत जायचं. हळूहळू माणसाच्या जागी भिंत होते. हात स्थिर लागतो. माझा आहे. पहिल्या फोटोला अख्खी सकाळ गेली, आता तासाला एक होतो. विमलच्या हळदीच्या फोटोत मंदाच्या जागी मी मांडवाचा खांब काढला. मुळात तिथे खांब नव्हता हे मांडव घालणाऱ्यालाही कळणार नाही. बऱ्याच वर्षांनी एखादं काम हातातून इतकं नेटकं उतरलं.

सुकदेवने मागून पाहिलं. "नाना, या कोण?"

"पाहुण्यातली एक आहे."

"सगळ्याच फोटोंत?"

मी पुढचा शिक्का मारला. तो म्हणाला, "मूळ फोटो वेगळ्या नावाने ठेवत जा. नंतर लागतो." मी म्हटलं, एका फोटोच्या दोन प्रती कशाला? जागा अडते. त्याचं लग्न व्हायचंय अजून, मुली व्हायच्यात. मग कळेल.

१ मार्च, होळी

एकेचाळीसपैकी छत्तीस जमले. पाच टाकून दिले, त्यांत ती एकटीच होती, शिक्के मारून मागे काय ठेवणार?

कागदी फोटो आणि निगेटिव्हचा डबा प्रश्नच होता. अल्बम कपाटात राहिला असता तर परत रोज काढून बसली असती. मंदाचे तेवढे सगळे एका पिशवीत भरले आणि संध्याकाळी गल्लीच्या होळीत टाकले. निगेटिव्ह भसकन पेटतात. कोणाचं लक्ष नव्हतं.

तानुबाई नैवेद्याची पोळी घेऊन माझा दंड धरून उभी होती. तिने पाण्याची धार धरत होळीभोवती फेरी मारली आणि म्हणाली, "आज होयीले येगळाच वास येस. काय टाकं त्यामा?"

"रद्दी."

ती थांबली. तांब्यातलं उरलेलं पाणी पायाशीच ओतलं. तोल गेला असेल, अंधुक उजेड होता. घरी येताना माझा दंड धरला नाही, भिंतीला हात लावत आली. दोन ठिकाणी ठेचकाळली. मी म्हटलं, धर की. नाही धरला.

१८ मार्च, पाडवा

आज तानुबाईला पहिल्यांदा सलग सगळं दाखवलं. दोनशे नऊ फोटो, प्रत्येकी सहा सेकंद. मी आत कॉम्प्युटरपाशी आणि ती बाहेर उंबऱ्यात. मी आतून ओरडायचो, "दिसतंय का?" आणि ती म्हणायची, "दिसस."

एका फोटोला तिने थांबवायला लावलं, म्हणून मी बाहेर आलो. नरडाण्याजवळचं आमचं मूळ गाव, भावाच्या घरापुढचं निंबाचं झाड, आखाजीचा झोका. बारा वर्षांपूर्वीचा. झोका खूप वर गेलेला आहे, दोर तिरपे. त्यावर मंदा उभी होती. तिच्या जागी मी आभाळ भरलं, निंबाच्या दोन डहाळ्याही काढल्या. माझं सगळ्यात चांगलं काम ते.

तानुबाई उंबऱ्यातून उठून आली. डोकं असं थोडं थोडं फिरवत पडद्यावर काहीतरी शोधलं. मग बोट लावलं, बरोबर मधोमध.

"झोका रिकामाच इतला वर गया का ओ?"

मी म्हटलं, वारा असेल.

"हां. वारा व्हई," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिला नीट दिसत नाही, अंदाजाने बोलते. तरी तो फोटो काढून टाकावा का, असा एकदा विचार आला. पण इतकी मेहनत घेतली आहे. ठेवला.

२८ मार्च

गाण्यांचा प्रश्न होता. माझ्या मनात भजनं होती. तानुबाईने तिच्या पत्र्याच्या पेटीतून एक कॅसेट काढून दिली. वर काही लिहिलेलं नाही.

"काय आहे?"

"आखाजीनं गानं. झुलालभाऊनी टेप करेल शे, गावले. हाईच लावा. बठ्ठं लावा, त्यामातलं काही कापू नका."

झुलाल माझा धाकटा भाऊ, गावी शेती करतो. मला बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिने या कामात काही मागितलं. मला वाटत होतं, तिला कदरच नाही.

टेप कॉम्प्युटरला जोडून गाणं आत घेतलं. चार मुली झोक्यावर गातात, "झोका गया आभायमा, माय देखस दारमा." कडी करकरते, मागे कोंबडी ओरडते. मी खरखर कमी केली, कोंबडी कमी केली. चौघींतली एक आहे, आवाज बसका, सुरात नाही. दुसऱ्या कडव्याला तिला हसू फुटतं आणि ती हसतच सुटते, बाकीच्या तिला सांभाळून घेत गाणं पुढे नेतात. सगळं गाणं नासवलंय बाईने. तेवढे सात सेकंद काढून टाकले तर सांधाही कळला नसता. मी खूण करून ठेवली होती.

तानुबाई माझ्यामागे कधी येऊन उभी राहिली होती कळलं नाही. तिने स्पीकरवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा. "ते हासनं ऱ्हाऊ द्या. त्यानासाठेच तं हाई गानं शे."

मी म्हटलं, अगं गाणं बिघडतं. पण तिच्या तोंडाकडे पाहून ठेवलं. जुन्या लोकांना असल्याच गोष्टींचं कौतुक.

११ एप्रिल

झुलाल आला होता, कैऱ्यांचं पोतं घेऊन. चहा झाल्यावर मुद्द्यावर आला. "भाऊ, मी मुऱ्हाळी व्हईसन धुयाले जास. पोरले लई येस. तुम्हीन फक्त हा म्हना."

माहेरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून आणायला गेल्याशिवाय आखाजीला पोर माहेरी येत नाही. आपणहून आली तर ती आली असं कोणी धरत नाही. सहा आखाज्या आमच्याकडून कोणी गेलं नाही.

मी म्हटलं, ज्या घरात आपण मुलगी दिलीच नाही, तिथे मुऱ्हाळी कसला धाडायचा?

तो म्हणाला, "वहिनीकडे देखा जरासा."

मी म्हटलं, तिच्याकडेच बघतोय तीन महिने. ही वायर कोणासाठी ओढली?

त्याने वायरकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं. "तुम्हीन टीव्हीवर काय बी दखाडा, भाऊ. आंडेर दारमा नही मंग आखाजी कसानी?"

लेक दारात नाही तर आखाजी कसली, हे मला शिकवतो! मी त्याला गाडीच्या वेळेची आठवण करून दिली. तानुबाई आत होती. भांडी पडल्याचा आवाज झाला नाही, रडण्याचा झाला नाही. तिला पटलं असावं.

१७ एप्रिल

उद्या आखाजी. आज शेवटची तालीम करायची होती, पण टीव्ही मिळेना. दिल्लीत मतदान होतं, निम्मी गल्ली आमच्या पुढच्या खोलीत. सरकार एका मताने पडलं. सगळे हळहळले, एका मताने काय होतं ते कळलं म्हणाले. मला त्यांना घालवून व्हीसीआरची पिन तपासायची होती.

विमल दोन्ही मुलांना घेऊन आली आहे. झुलाल आणि त्याची बायको भिकुबाईही आलेत. घर भरलंय. असंच हवं होतं मला.

१८ एप्रिल, आखाजी

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

सकाळी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, निखाऱ्यावर घास टाकून पितरांची नावं घेतली. खापरावरच्या पोळ्या, आमरस. जेवायला एक पान जास्तीचं वाढलेलं होतं. तानुबाईचं मोजण्यात चुकलं, नजरेचा दोष. ते पान शेवटपर्यंत कोणी उचललं नाही.

तीन वाजता सुरू केलं. वीज गेली नाही, जुन्या सहकाऱ्यांनी एवढी लाज राखली. मी आत होतो, त्यामुळे लोकांची तोंडं दिसत नव्हती. पहिले वीसेक फोटो हसणं-बोलणं ऐकू येत होतं. माझ्या वडिलांचा, आबांचा फोटो आला, विमलच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग आखाजीचं गाणं सुरू झालं आणि बाहेर एकदम सामसूम. मला वाटलं आवाज गेला. धावत बाहेर आलो. आवाज खणखणीत होता.

भिकुबाईने पदर तोंडात धरला होता. झुलाल खाली मान घालून बसला होता. ती बसक्या आवाजाची हसायला लागली तशी विमलला हुंदका आवरेना, तिची मुलगी आईचा चेहरा बघून रडायला लागली. आणि तानुबाई! तिने डोळे मिटून घेतले होते. टीव्ही समोर चालू, झोक्याचा फोटो पडद्यावर, आणि ही डोळे मिटून, तोंड स्पीकरकडे करून बसलेली. गालावरून धारा.

गाणं संपल्यावर म्हणाली, "आखो एकदाव." पुन्हा लावलं. "आखो." तीनदा लावलं.

कोणी माझ्याशी बोललं नाही. बोलण्यासारखं काही उरलंच नसेल. जुने दिवस एकदम असे डोळ्यांपुढे आले की असंच होतं. एवढा परिणाम होईल असं मलाही वाटलं नव्हतं. तीन महिन्यांच्या कष्टांचं चीज झालं.

२० एप्रिल

विमल गेली. तानुबाई सकाळी झुलालबरोबर गावी गेली, चार दिवस हवापालट म्हणून. मीच म्हटलं, जा. तिला इतकी मोकळी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. तिने ती कॅसेट मागून घेतली, पिशवीत तळाशी ठेवली. निघताना कपाट, कॉम्प्युटर, चौकट, सगळ्यांवरून हात फिरवला. माझ्याही बाहीवरून.

स्कॅनरच्या खोक्याचं झाकण उलटं लागलंय. विमलच्या मुलांनी खेळताना काढलं असेल.

२५ एप्रिल

चार दिवसांचे सहा झाले म्हणून गावी पोस्टातल्या फोनवर झुलालला बोलावून घेतलं.

म्हटलं, तिला फोन दे.

"वहिनी आठे नही, भाऊ. धुयाले शे, मंदाकडे."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, कोणी नेलं?

"मी. मीच मुऱ्हाळी व्हयनू. दरसाल आंडेर मायकडे येस, औंदा माय आंडेरकडे गयी." मग म्हणाला, पत्र विमलने तिला वाचून दाखवलं. आखाजीच्या सकाळीच.

मी बरंच बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तो ऐकत राहिला. पोस्टात माणसं असतील, तरी त्याने ठेवला नाही. मी दमल्यावर म्हणाला, "भाऊ, त्या गानामा मंदा व्हती. बठ्ठासनी वळखं. तुम्हीन नही वळखं?"

मी म्हटलं, ओळखलं होतं. न ओळखायला काय झालं?

"मंग ठीक शे," तो म्हणाला.

ती परत कधी येणार, हे शेवटी विचारावंच लागलं. झुलाल म्हणाला, वहिनीने निरोप ठेवलाय, जसाच्या तसा सांगतो. "डोयासनं काम सरनं का मंग घर येसू."

डोळ्यांचं काम संपलं की मग घरी येईन. आंधळी झाल्यावर माझ्याकडे येणार. तोवर जे बघायचं ते तिकडे.

२८ एप्रिल

खोक्यात पत्र नाही. त्यावर पत्ता होता.

सुकदेवला बोलावलं होतं. झोक्याचा फोटो उघडून विचारलं, यातून मागे जाता येतं का? केलेलं पुसता येतं, तूच शिकवलं होतंस.

"नाना, ते त्याच बैठकीत. एकदा बंद केलं की नाही." मग म्हणाला, "कागदी फोटो असेल ना? पुन्हा स्कॅन करू."

मी म्हटलं, असेल, शोधतो.

तो गेल्यावर बावीस फोटो आठवले, टीव्हीने कडेचे खाल्लेले. ते तरी कॉम्प्युटरमध्ये अख्खे असतील म्हणून उघडले. मोठे करून कापून ठेवले होते. कामात कसूर नव्हती. एकात, विमलच्या साखरपुड्याच्या, कडेला एक कोपर आणि बांगड्या राहून गेल्यात. तेवढीच आहे.

२ मे

विमलला फोन लावला. एकच गोष्ट विचारायची होती. तिकडून "हां नाना" ऐकलं आणि केळीला भाव काय चाललाय ते विचारून ठेवून दिला. बाप आहे मी. कसं विचारणार?

गाणं लावून बसलोय. टीव्हीवर झोका वर गेलेला, मी तो तिथेच थांबवून ठेवलाय. चार आवाज आहेत. सकाळपासून एकेक वेगळा काढायचा प्रयत्न करतोय. पहिली विमल असावी, ती शाळेत गायची. एक भिकुबाईची भाची असेल, ती तेव्हा गावी राहायला होती. राहिल्या दोन. एक बारीक, गोड आवाजाची, सूर न सोडणारी. ती मंदा असेल. तीच असणार.

कारण दुसरी ती हसणारी आहे, आणि ती मंदा नव्हे, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. एकवीस वर्षं ती माझ्या घरात होती. तिला हसताना मी कधी ऐकलं नाही.